नापास करणारा मिस्त्री

गाडी पास व्हावी म्हणून धडपडणारी माणसं अकोल्यात पैशाला पासरी सापडतील. पण आपल्या गाडीला कोणीतरी प्रामाणिकपणे नापास करून दाखवावं म्हणून वणवण हिंडणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो आमच्या नशिबाने जठारपेठेत आमच्या घरासमोरच राहतो. आम्ही त्यांना समोरचे काका म्हणतो. काकांनी उभी हयात सरकारी नोकरीत दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात घालवली. नोकरी संपली, खोड संपली नाही. तपासायला काटे उरले नाहीत, म्हणून ते माणसं तपासू लागले. त्यांचा नियम मोठा सोपा आहे. जो स्वतःचं नुकसान करून घेऊन "नाही" म्हणतो तो खरा. बाकीचे सगळे संशयित. मी शाळामास्तर आहे, त्यांच्या समोर राहून मला अकरा वर्षं झाली, तरी मी अजून संशयितांतच आहे, कारण त्यांनी केलेल्या चहाला मी एकदा "छान झालाय" म्हणालो होतो.

फळांच्या गाडीवर सगळी दुनिया "गोड आहे का?" विचारते. काका विचारतात, "याच्यातलं फिकं कोनतं हाये?" फळवाला "एकबी नाई" म्हणाला, की काका पिशवीची घडी घालून पुढे निघाले. एकदा एका म्हाताऱ्या बाईने टिचकी मारून एक टरबूज बाजूला सारलं आणि "हे नको नेऊ बापा, पांचट निघन" असं सांगितलं, तर काकांनी आनंदाच्या भरात नेमकं तेच विकत घेतलं, साऱ्या गल्लीला बोलावून कापलं आणि ते खरोखरच पांचट निघाल्यावर टाळ्या वाजवल्या. आम्हाला प्रत्येकाला एकेक फोड संपवावी लागली. "ही पॅन्ट आता दुरुस्त होत नाही, पोतेरं करा" असं ज्या शिंप्याने तोंडावर सांगितलं, त्याच्याकडे ते आजतागायत कपडे शिवतात, आणि त्याच्या शिलाईमुळे काकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे असा नव्या माणसाचा समज होतो.

लग्नही त्यांनी याच पद्धतीने केलं. शेंदूरजनाघाटला मुलगी पाहायला गेले, पोहे खाल्ले, आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पोरीत खोट काय हाये तेवढं सांगा." सोबत आलेल्या मामांनी काकांच्या पायावर पाय दिला. तेवढ्यात मुलगी स्वतःच म्हणाली, "मले यष्टी लागते. वरूडपावतरबी पोटातलं पोटात राहत नाई." काका जागेवरून उठले आणि म्हणाले, "पोरगी पसंत." पुढे ही खोट किती खरी आहे ते त्यांना परतीच्या वरातीतच कळलं, कारण वरात बसने आली होती.

काकूंचं हे बस लागणं काही साधंसुधं नव्हतं. भाड्याच्या मोटारीत त्या वासाच्या डबीनेच हैराण होत. त्यांना सोसायची ती फक्त काकांची पांढरी छोटी गाडी, सगळ्या काचा खाली करून, काका स्वतः चालवत असताना, आणि काटा चाळीसच्या वर न जाता. वाटेत बैलगाड्यांनी त्यांना मागे टाकल्याचं लोक सांगतात. मी फक्त सायकलवाला पाहिला आहे. दर भाऊबीजेला काका-काकू पहाटेच निघून असे रखडत शेंदूरजनाघाटला जात. काकूंच्या भावाचा तिथे संत्र्याची बाग, फळांची तोड नेमकी त्याच दिवसांत, त्यामुळे भावाला हलता येत नाही आणि बहिणीला गेल्याशिवाय राहवत नाही. आणि यंदा दिवाळीच्या तोंडावर गाडीची पंधरा वर्षं भरली. आता ती सरकारी तपासणीतून पुन्हा पास करून घ्यायची, नाहीतर रस्त्यावर आणायची नाही. गाडी नाही तर भाऊबीज नाही, इतका साधा हिशेब होता.

सगळे म्हणाले, त्यात काय, एजंटाला कागद द्या, गाडी घरी राहील आणि पास होऊन येईल. काकांना नेमकं तेच नको होतं. "सायबापुढं न्यायच्या आंदी तिले कोनी नीट पाह्यलं पायजे," असं म्हणून त्यांनी धूर तपासून पीयूसीचा कागद देणाऱ्या एका दुकानापासून सुरुवात केली. तिथल्या माणसाने नंबरप्लेटचा फोटो काढला आणि पासचा कागद हातात दिला. नळी भिंतीवर टांगलेलीच होती. दुसऱ्या ठिकाणी काका गाडी बंद करून उभे राहिले. बंद गाडीचा धूर उत्तम निघाला. तिसऱ्या ठिकाणी आम्ही दोघांनी गाडी ढकलत नेली. माझ्या कमरेत उसण भरली, गाडी पास झाली. चौथ्या ठिकाणी काका मोबाइलमधला गाडीचा फोटो घेऊन पायीच गेले, तर तो माणूस कौतुकाने म्हणाला, "काका, तुमी कायले आले एवढ्या उन्हात? फोटो धाडला असता त झालं असतं." काका घरी आले आणि ते चारही कागद त्यांनी माझ्यासमोर टेबलावर पसरले. चारही कागदांवर धुराचे आकडे एकसारखे होते.

मग गॅरेजं सुरू झाली. एकाने बॉनेट उघडून "ओके" म्हटलं. एकाने उघडलंच नाही, वरून थाप मारली आणि म्हणाला, "जुना माल हाये, अजून वीस साल पाह्यची गरज नाई." एकाने मात्र एवढे दोष काढले की काका हरखले, नंतर कळलं की तो आमच्या गल्लीत आलेल्या नव्या कोऱ्या गाडीलाही तेच दोष सांगून गेला होता. मी एव्हाना कंटाळलो होतो. म्हटलं, "काका, सगळं जग पास म्हणतंय, तुम्हीच कशाला नापासाचा हट्ट धरून बसलात?" तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. "मास्तर, त्या गाडीत तुमची काकू बसते. न पाहता कोनी कागद देऊन राहिला, म्हंजे तिचा जीव न मोजता पुडीत बांधून देल्ला ना!"

शेवटी त्यांना एक नामी युक्ती सुचली. चांगलं गॅरेज कोणतं, हे विचारणं त्यांनी सोडून दिलं. ते मालट्रक थांबतात तिथल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसू लागले आणि दिसेल त्या ड्रायव्हरला विचारू लागले, "सगळ्यात बेकार मिस्त्री कोन हाये?" ड्रायव्हर लोक या विषयावर मनापासून बोलतात. आठवडाभरात काकांकडे बेकार मिस्त्र्यांची भली मोठी यादी जमली, आणि तीत अमरावतीचा एक म्हातारा मिस्त्री वेगवेगळ्या तोंडून चारदा आला. "तो खडूस माहा ट्रक सोडूनच नाई राह्यला," "त्याच्या हातात गाडी गेली का मेली," "पैशे देल्ले तरी आयकत नाई." शिवी जितकी जबर, तितका काकांचा चेहरा खुलत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेतून रजा घ्यायला लावली आणि आम्ही चाळीसच्या वेगाने अमरावतीला निघालो. मूर्तिजापूरला जेवलो, आणि तिथेच मला वाटलं की आपली एक रजा पुरणार नाही.

मिस्त्री बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये सापडला. चष्म्याला दोरी, कानावर पेन्सिल. त्याने नमस्कार केला नाही, बसा म्हणाला नाही. काकांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. त्याने गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली आणि स्वतः खाली उतरला. पाऊण तास खालून फक्त ठोकल्याचा आवाज येत होता. मग पेचकस पत्र्यातून आरपार वर आला, गाडीच्या आत, डाव्या बाजूला.

"सडली," खालून आवाज आला. "मुख्य दांडाच सडला. पास नाई होत."

"वेल्डिंग केलं त?" मी विचारलं.

"करून देनारे शंभर भेटतील. मी नाई करत. एखांद्या दिवशी मधातून मोडन."

काकांनी काय करावं? त्यांनी खड्ड्यात वाकून त्या ग्रीसने माखलेल्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले आणि गदगदा हलवले. "सापडले बापा, सापडले!" म्हणत ते समोरच्या हॉटेलात धावले आणि साऱ्या शेडसाठी गिला वडा, म्हणजे तिकडचा दहीवडा, घेऊन आले. मिस्त्री आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे संशयाने पाहू लागला. याची गाडी मेली आणि हा वडे वाटतो, याला घरी सोडायला कोणी आलंय ना, असं त्याला वाटत असावं. मी खुणेनेच सांगितलं की मी आलोय.

वडा खाता खाता मिस्त्री म्हणाला, "डाव्या बाजूले कोन बसते?"

"घरचे," काका म्हणाले.

"त्याइले समजलं व्हतं मंग." असं म्हणून त्याने गाडीचं डावं दार उघडलं आणि पायाखालची चटई उचलली. चटईखाली जाडजूड स्टीलचं ताट होतं, पालथं घालून नीट बसवलेलं. त्याने ते उचललं तेव्हा सडून भोक पडलेल्या पत्र्यातून खालचा खड्डा आणि खड्ड्यातली माती स्वच्छ दिसली. ताटाच्या काठावर, आपल्याकडे भांड्यांवर कोरतात तसं, काकूंचं नाव कोरलेलं होतं: सौ. सुमनताईस भावाकडून, भाऊबीज.

काकांच्या हातातला वडा हातातच राहिला. रोज सकाळी स्वतःच्या हाताने ती गाडी पुसणारा, दुनियेचे काटे तपासलेला हा माणूस त्या ताटाकडे बघत उभा राहिला, आणि मला वाटलं की आता ते रडतील. ते रडले नाहीत. त्यांनी ताट रुमालाने पुसलं, काखेत मारलं आणि भंगारात काढा म्हणून गाडीची किल्ली मिस्त्र्याच्या हातात दिली. अकोल्याला आम्ही बसने परतलो. एरवी कंडक्टरने दिलेलं तिकीटही दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्या काकांनी ते न वाचताच खिशात घातलं.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. काखेतलं ताट पाहून त्यांना सगळं कळलं.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"मागल्या सालच्या दसऱ्यापासून. पायाखालून रस्ता पयताना दिसे."

"मंग बोलली कावून नाई? तुले खोटं बोलता येत नाई म्हनून त तुले आनली मी!"

काकूंनी पदर चाचपला. "बोलली असती त गाडी गेली असती. मंग मले भाऊ कसा दिसला असता? आन् तुमी सकाळी फडकं मारता तिले, तवा तुमच्या तोंडाकडं पाहून माह्या जिभेवर येतच नव्हतं." मग चिडून म्हणाल्या, "पाय मी वरच धरून बसत व्हती."

अकोला ते शेंदूरजनाघाट, चाळीसच्या वेगाने, पाय वर धरून. मी घरी जाऊन बायकोला हे सांगताना हसायला सुरुवात केली होती, पण पुढे हसता आलं नाही.

भाऊबीजेला दोघं बसने गेली. काकूंचाच हट्ट होता. मी स्टँडवर पोचवायला गेलो, खिडकीची जागा धरून दिली, आणि लिंबं, आल्याचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या असा सगळा सरंजाम काकांच्या मांडीवर ठेवला. अमरावतीला एकदा आणि वरूडला एकदा बस बदलायची होती. काका कधी नव्हे ते देवाचं नाव घेत होते. संध्याकाळी राहवलं नाही म्हणून मी फोन केला. मागे माणसांचा गलबला होता, कोणीतरी संत्र्यांच्या पेट्या मोजत होतं, आणि काकूंचं हसणं त्यातही वेगळं ऐकू येत होतं.

"काकू कशा आहेत? त्रास झाला का?" मी विचारलं.

"काईच नाई झाला म्हनते," काका म्हणाले. "भावाले सांगून राहिली, लय मजेत आली म्हने." मग ते फोन घेऊन अंगणात गेले असावेत, कारण गलबला कमी झाला आणि त्यांचा आवाज खाली आला. "मोर्शीपावतर दोनदा बस थांबवली मी, मास्तर. पन म्हनते त म्हनू द्या."