माश्यांनी अडवलेली साडी

लग्नाच्या आदल्या दुपारी माझी पांढरी साडी अंगणातल्या दोरीवर वाळत होती. आईने स्वतःच्या लग्नात नेसलेली, पेटीत जपून ठेवलेली. तेवढ्यात भणभण करत मधमाश्या आल्या आणि थेट पदराला लोंबकळल्या. चांगला पपईएवढा घोस! बाजूला जांबाचं झाड होतं, पण बायांना माझाच पदर आवडला.

आई रडायला लागली. बाबा धानाचा फवारणी पंप घेऊन आले. हेच बाबा रोज सकाळी पंचशील म्हणतात आणि मुंगी दिसली तरी पाय उचलून घेतात.

"बाबा, पंप काऊन आणला?"

"उद्या लगन हाये. दया परवा करू."

माझं डोकंच फिरलं. "उद्या मांडवात पह्यलं काय म्हणणार आहो मी? जीव घेणार नाई म्हणून! आज एवढ्या मारून? मले नाई नेसाची विष मारलेली साडी. गाऊनवर लगन करीन!"

बाबांनी पंप ठेवला आणि तोंड फुगवून बसले. आईने ओळखीच्या वनरक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, "हात नका लावू बाई, थकून बसल्या हायेत. जागा सापडली का जातीन."

सकाळी पोंभुर्ण्याहून नवरदेवाची वरात आली तरी माश्या होत्या तिथेच. सासूबाईंनी विचारलं, "नवरी कुठी हाये?"

"अंगणात. साडीची वाट पाहून राह्यली," आई म्हणाली.

ऊन चढलं तसा घोस सुटला, अंगणावर दोन गिरक्या घेऊन जंगलाकडे गेला. साडीवर माश्यांच्या विष्ठेचे पिवळे ठिपके पडले होते. धुवायला वेळ कुठला? झटकली आणि नेसले.

मांडवात पंचशील सुरू झालं. पहिलंच शील म्हणत होते आणि निऱ्यांतून मागे राहिलेली एक माशी निघून माझ्या मनगटावर आली. मी हात तसाच धरून ठेवला. बाबा उठले, तिला अलगद ओंजळीत घेतलं आणि भरल्या मांडवातून चालत बाहेर गेले. सगळे थांबले होते.

ते परत आल्यावर मी हळूच विचारलं, "डसली का?"

"नाई."

पंगतीत पाहते तर बाबा डाव्या हाताने जेवत होते. उजवा अंगठा टम्म सुजला होता. पाठवणीला अजून दोन तास होते, पण मला तिथेच रडू फुटलं.