नवव्या प्रश्नाच्या बाई

ज्या सुरात आपण 'चहा घेता का?' विचारतो, त्याच सुरात आमच्या बाई 'मरून जावंसं वाटते काय?' असं विचारायच्या. वणीच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्या समुपदेशक होत्या. दाखल झालेल्याची नशा उतरली की नऊ प्रश्नांचा कागद घेऊन समोर बसायच्या. झोप येते का, जेवण जातं का, मन कशात लागतं का. आणि नववा हा. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. मी एकदा म्हटलं, "बाई, जरा आडून तरी विचारा." म्हणाल्या, "लाजत इचारलं का माणूस लाजत खोटं सांगते, मास्तर."

मास्तर म्हणजे मी. दहावीच्या शिकवण्या घेता घेता अंगदुखीच्या गोळ्यांच्या नादी लागलो आणि पोरांच्या आधी स्वतःच नापास होऊन याच केंद्रात दाखल झालो. गोळ्या सुटल्या, शिकवायची खाज सुटली नाही. ज्याचे गुण जास्त, त्याला यवतमाळहून येणारे डॉक्टर तपासतात आणि त्याचं घरी जाणं लांबतं, हे मी पहिल्याच आठवड्यात हेरलं. झालं! जेवणानंतर माझा क्लास सुरू. "झोप? गाढ. भूक? दोन भाकरी. नवव्याला हसायचं आणि म्हणायचं, 'छे, काहीतरीच काय, बाई!'" सगळा वर्ग शून्य गुणांनी उत्तीर्ण व्हायचा. मी मिशीत हसायचो.

बाई मात्र कागद सोडायच्या नाहीत. "नशा म्हणजे झाकण हाये," म्हणायच्या. "झाकण निघालं म्हणून सारे टाळ्या वाजवतात. खाली काय शिजून राह्यलं, ते कोणी पाह्यत नाही."

शेजारच्या खाटेवर गोपाल होता. कळंबकडच्या तांड्यातला, कोळशाचा ट्रक चालवणारा. जागायला गोळ्या, झोपायला गांजा. माझा सर्वांत हुशार विद्यार्थी. एका दुपारी त्यानं हळूच विचारलं, "मास्तर, नवव्याले 'रोज' म्हटलं त किती मार्क?"

"तीन," मी म्हणालो. "पण आपल्याला शून्य पाहिजे. हसून दाखव बरं."

त्यानं हसून दाखवलं. मी शाबासकी दिली.

गुरुवारी सकाळी गोपाल सुटी घेऊन बसस्टँडवर गेला आणि पाचच मिनिटांत बाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "तीन दिवसांत चार जण एकच वाक्य बोलले. तांड्यावरचा ड्रायव्हर 'काहीतरीच काय' म्हणते? तुमी शिकवलं काय?"

"मी? छे, काही..." एवढं बोललो आणि माझीच जीभ माझ्या दातांत अडकली.

"शिकवायच्या आधी तो काय म्हणे?"

त्यानं 'रोज'चे मार्क विचारले होते, ते मी सांगितलं. सांगताना ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. बाई रागावल्या नाहीत, ते फार वाईट. त्यांनी स्कूटीची किल्ली उचलली. "बसा मांगं."

यवतमाळची गाडी सुरू होऊन थरथरत होती. बाई वर चढल्या, मागोमाग मी. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, गाडी तुमच्या घरची हाये काय?" त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. गोपालच्या शेजारी बसल्या आणि त्याच सुरात, फक्त त्याला ऐकू येईल इतक्या हळू, नववा प्रश्न विचारला.

गोपालनं बाईंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. विद्यार्थी मास्तरकडे पाहतो तसं. "माझं उत्तर देऊ नको, गोपाल," मी म्हणालो. "चुकीचं शिकवलं मी."

कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरली. मी त्या हाताकडे बघत राहिलो.

"रोज, बाई," गोपाल म्हणाला. "आज घरी जाऊन..." पुढचं त्याला बोलवलं नाही.

"उतर," बाई म्हणाल्या. "मी हावो संगं."

तो उतरला. त्याची बॅग मात्र गाडीतून यवतमाळला निघाली. मी बोंबलत गाडीमागे धावलो, चौकात सपशेल आपटलो, गुडघे फोडून घेतले. लंगडत परतलो तेव्हा दोघं फलाटाच्या पायरीवर बसलेले. गोपाल रडत होता. बाई त्याला थांबवत नव्हत्या.

त्याच दिवशी डॉक्टरांनी त्याला तपासलं, औषधं सुरू केली. दीड महिन्यानं तो घरी गेला, या वेळी बायको न्यायला आली होती. पुढे बाईंची बदली झरी जामणीकडे झाली. निघताना मला म्हणाल्या, "नवीन आलेल्यायजवळ बसत जा, मास्तर. उत्तरं तेवढी सांगू नका."

आता मीही घरी असतो, पण आठवड्यातून दोनदा केंद्रात जातो. परवा एक जण नववा प्रश्न ऐकून पंचवीस मिनिटं जमिनीकडे पाहत बसला. माझ्या ओठांवर चार उत्तरं येऊन गेली. मी चारही गिळली. मग तो बोलला.