घरची दुरुस्ती

आमचे मिस्टर सैन्यात ट्रकवर ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन आटपाडीला आल्यावर त्यांनी कराडच्या एका ओळखीच्या माणसाकडून आठ सीटांची जुनी व्हॅन घेतली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं. सीट उचलली की सगळं उघडं. त्यामुळे या गाडीला गॅरेज दाखवायचं कारणच नाही, असं त्यांचं पक्कं मत झालं. "बर्फात बोटं वाकत न्हवती तवा ट्रक खोललेत आमी," ते म्हणायचे. "हिला काय मेस्त्री लागतोय?"

सुरुवातीची काही वर्षं त्यांनी ती चांगली ठेवली, हे कबूल करायला हवं. रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरायचं, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, एअर फिल्टर झटकायचा, ऑइल बदलायचं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. रविवार मलाही एकच मिळायचा, तो मी त्यांना पाने देण्यात घालवला. दहाचा कुठला आणि बाराचा कुठला, हे मला न बघता नुसत्या हाताला कळायला लागलं. चुकीचा दिला की ते मान वर न करता तो बाजूला टाकायचे आणि हात तसाच पुढे ठेवायचे.

मग एका उन्हाळ्यात अंगण झाडताना रोज गाडीखाली ओला डाग दिसायला लागला. मी सांगितलं.

"रेडिएटरचा पाइप हाय. क्लिप ढिली झालीया. बघतो," ते म्हणाले.

दोन दिवसांनी डाग दिसेनासा झाला. क्लिप बदलली असं मी धरून चालले.

मे महिन्यात एका संध्याकाळी लोणंदहून भावाचा फोन आला. आईने दोन दिवस पाणीही घेतलं नव्हतं, डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. मी सकाळी सहाच्या एसटीसाठी पिशवी भरली. मिस्टर म्हणाले, "दारात गाडी असताना एसटीनं कशाला? आठला निघू, बाराच्या आत पोचू."

मी नाही म्हटलं नाही. भावाच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायला मला आवडायचं. दुष्काळी भागात दिली म्हणून माहेरी माझी कीव केली जायची, ती गाडी आल्यापासून जरा कमी झाली होती. आई जायला टेकली असताना माझ्या डोक्यात हे होतं.

दहिवडी मागे पडली आणि चढाला माझी सीट खालून तापायला लागली.

"आवं, सीट पोळतीया," मी म्हणाले.

"ऊन हाय," ते म्हणाले.

पाच-दहा मिनिटांत पायाशी वाफ आली. तापमानाचा काटा शेवटाला टेकला होता. त्यांनी गाडी बाजूला घेतली, सीट उचलली, आत बघितलं आणि म्हणाले, "दहा मिनिटांचं काम हाय. पाणी आण."

रस्त्यापासून आत एक वस्ती होती. तिथल्या बाईने सांगितलं की टँकर आता परवा येईल, तरी बॅरलमधून कळशी भरून दिली. ती घेऊन मी परतले तेव्हा मागून चढाने फलटणला जाणारी एसटी येत होती. कळशी खाली ठेवून मी पिशवीला हात घातला.

"कुठं निघालीस? पाइप कोण धरणार? दहा मिनिटं म्हणलो न्हवं?"

मी पाइप वरून धरला, त्याचं खालचं तोंड त्यांच्या हातात होतं. एसटी शेजारून गेली. कंडक्टरने आमच्याकडे बघितलंसुद्धा. मी हात केला असता तर त्याने बेल मारली असती. माझे हात गुंतले होते, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. एक हात मोकळा होता.

गाडी सुरू झाली, कोसभर गेली आणि पुन्हा बंद पडली. या वेळी ती काही केल्या सुरू होईना. ते घामाने भिजून सीटखाली डोकं घालून बसले. मी दोनदा म्हणाले की मी मिळेल त्या गाडीने पुढे जाते, आणि दोनदा त्यांनी "झालंच" म्हटलं. शेवटी डाळिंबाच्या एका रिकाम्या पिकअपने दोर बांधून आम्हाला फलटणपर्यंत ओढत नेलं. स्टँडजवळ उतरत होते तेव्हा भावाचा फोन आला.

"ताई," तो म्हणाला, "आता सावकाश या."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. गाडी तिथेच सोडून आम्ही एसटीनेच लोणंदला गेलो. माझ्यासाठी घरच्यांनी आईला न्यायचं थांबवलं होतं. वहिनी म्हणाली, दोन वाजेपर्यंत रस्त्यावर गाडी वाजली की आई दाराकडे बघायच्या. भाऊ म्हणाला, "सकाळच्या एसटीनं आली असतीस तर भेट झाली असती." तो दोष देत नव्हता, नुसता हिशेब जुळवत होता. मिस्टर बाहेर ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

तेरावा झाल्यावर गाडी ओढून घरी आणली. इंजिन तापून हेडचं गॅस्केट गेलं होतं, पाणी मिसळून ऑइल ताकासारखं पांढरं झालं होतं. त्यांनी इंजिन अंगणातच खोललं. मी ताटात नट ठेवून घेत होते. रेडिएटरचा पाइप निघाला तेव्हा त्याच्या तोंडाशी क्लिप नव्हती. कुंपणाची तार दोन वेढे देऊन पिळून बसवली होती. पाइप फुगल्यावर तीच तार रबरात रुतून पाइप चिरला होता.

"ही कवा बांधली?" मी विचारलं.

"तात्पुरती बांधलेली. क्लिप आणायची राहिली."

मी ती तार नटांशेजारी ताटात ठेवली. ते त्यांना सोसलं नसावं, कारण मी काही विचारलं नसताना ते म्हणाले, "गाडी धड असती तरी काय? म्हातारी जायाचीच हुती."

मी ताट खाली ठेवलं आणि घरात गेले. पुढचे दहा-बारा दिवस त्यांनी एकट्याने काम केलं. पाना शोधताना होणारी आदळआपट मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. मी गेले नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी मला हाक मारली. शेजारपाजारचे बघायला जमले होते, म्हणून मी बाहेर आले आणि चांगलं झालं म्हणाले. त्यानंतर मी त्या गाडीत बसले नाही.

आईच्या वर्षश्राद्धाला त्यांनी आदल्या दिवशी व्हॅन धुतली, पाइप, क्लिपा सगळं नवं बसवलं. सकाळी गाडी दारात लावून हॉर्न वाजवला. मी पिशवी घेऊन त्यांच्यासमोरून स्टँडकडे चालत गेले. त्यांनी थांबवलं नाही. दहिवडीच्या पुढे सहज मागे बघितलं तर आमची व्हॅन एसटीच्या मागून येत होती. चढाला एसटी हळू झाली, तेव्हा त्यांना पुढे जाता आलं असतं. ते गेले नाहीत. आठ सीटांच्या गाडीत एकटे बसून ते लोणंदपर्यंत मागे राहिले.

भावाने दारात विचारलं, "दोघं वेगवेगळी कशी?"

"मला स्टँडवर एकीला भेटायचं होतं," मी म्हणाले.

जेवताना ते माझ्याकडे न बघता भावाला म्हणाले, "गाडी एकदाबी गरम झाली न्हाई."

भावाने मान डोलावली. मी त्यांच्या पानात भात वाढला. दारात खोटं बोलून त्यांना मी का वाचवलं, ते मला अजून सांगता येत नाही. प्रेमापोटी नाही, एवढं नक्की. जेवणं झाल्यावर त्यांनी पुन्हा गाडी दाराशी आणली आणि खाली उतरून डावीकडचं दार उघडून धरलं. मी वहिनीला म्हणाले, मी आजची रात्र राहते. दार लावून ते आटपाडीला एकटे गेले.