शोरूममधलं एक इंग्रजी वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय — माहीत नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. थोरल्या दादानं शाळा सोडून काम धरलं, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकलो. मला अभिमान होता — दादाचा नाही, पदवीचा. फ्रिज घ्यायचा असो की बहिणीचं स्थळ, दादा म्हणायचा, “थांबा यार, भियाला विचारू.” भिया म्हणजे मी, धाकटा भाऊ. मी बोललो की विषय संपला.

दादा लग्नांत जनरेटर पुरवायचा. जनरेटर चाकांच्या ट्रॉलीवर, ट्रॉली पिकअपच्या मागे. जुनी पिकअप थकली. नवी डिझेलची घ्यावी की गॅसची? जेवताना सगळ्यांसमोर मी सांगून टाकलं — गॅसची. आजकाल डिझेल घेतं कोण? ट्रॉली ओढण्यातलं मला काय कळत होतं? काहीच नाही. पण ‘मला माहीत नाही’ हे मला कधी म्हणताच आलं नाही.

राऊ गावातल्या शोरूममध्ये मी सेल्समनशी मुद्दाम इंग्रजीत बोललो. दादा शेजारी उभा, चेहरा फुललेला. मग सेल्समनही इंग्रजीतच म्हणाला — ट्रॉली ओढायची असेल तर ही घेऊ नका सर, भरल्या वजनानं चढावर दम तोडेल; डिझेलचीच बघा.

“काय म्हणून राहिला हा?” दादानं विचारलं.

मराठीत सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण घरी सगळ्यांसमोर दिलेला माझा शब्द —

“काही नाही. गाडीची तारीफ करतोय.”

त्याच लग्नसराईत, महूच्या पुढे घाटात, चढावर गाडी थांबली ती पुढे सरकेना. हँडब्रेक ओढून दादा चाकामागे दगड लावायला उतरला. हँडब्रेकनं तेवढा भार धरला नाही. ट्रॉली मागे आली. दादाचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

आणि हॉस्पिटलात, त्याच्या उशाशी बसून, मी काय बोललो? — “गिअर टाकायला तुझ्याकडून उशीर झाला, दादा.” हो, हेही मीच. त्यानं ते लगेच मानलं. माझं म्हणणं त्यानं कधी मानलं नव्हतं?

धंदा गेला. आता तो दारात खुर्ची टाकून बसतो. परवा शेजारचे काका पिकअपबद्दल विचारायला आले. दादा म्हणाला, “भियाला विचारा, काका. आमचीही त्यानं चांगलीच निवडली होती. मलाच चालवता नाही आली.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.