राखाडी ओळी

माझा स्वभाव तक्रारखोर आहे आणि नशिबाने मला पगारही त्याचाच मिळतो. कर्जतजवळ दहिवलीला, आईबाबांच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे चुकेल ते आधीच शोधून द्यायचं, एवढंच माझं काम. गॅसवाला, केबलवाला, समोरचे शेजारी, कोणीही माझ्या तावडीतून सुटलेलं नाही.

काय काय तपासायचं याची यादी करायला आमच्याकडे एक टूल आहे. त्याला परिस्थिती सांगायच्या: दार उघडं की बंद, वीज आहे की गेली, माणूस आत की बाहेर. मग ते सगळ्यांची सरमिसळ करून ओळी पाडतं. एक ओळ म्हणजे एक तपासणी. ज्या जोड्या घडूच शकत नाहीत त्यांवर 'अशक्य' अशी खूण केली की टूलने त्या ओळी गाळायच्या. पण ते गाळत नसे. राखाडी रंगात तशाच ठेवी, आणि मी एकेक वाचून हाताने पुसत बसे.

पुसता पुसता कधीतरी एखाद्या ओळीवर बोट थांबायचं. हे खरंच होणार नाही? समजा झालंच तर? मग ती ओळ मी ठेवून द्यायची. मला सापडलेल्या बऱ्याच मोठ्या चुका अशाच सापडल्या, पण तेव्हा हे कुठे लक्षात यायला! डोक्यात होता फक्त वैताग. टूल बनवणाऱ्यांना मी चार वर्षं पत्रं लिहिली. आधी गोड, मग आंबट, मग तिखट. दर वेळी उत्तर यायचं की आपली तक्रार नोंदवली आहे.

एका सकाळी टूलची नवी आवृत्ती आली. सोबत नेहमीचंच वाक्य, 'चुकांची दुरुस्ती आणि काही सुधारणा.' उघडून बघते तर राखाडी ओळी गायब! मी जवळजवळ नाचतच स्वयंपाकघरात गेले. आईने विचारलं, "म्हंजे झालं काय?" मी म्हटलं, "म्हणजे मी जिंकले." आईला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने शिरा केला.

त्यानंतर पहिलं काम आलं ते कारखान्यांसाठीच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरचं. कामगार गेटवर कार्ड दाखवून येण्याजाण्याची नोंद करतो, त्याला सगळे पंच करणं म्हणतात. मशीनघराच्या दारालाही तेच कार्ड लागतं. कुठे वायू गळला, भोंगा झाला, की आत किती माणसं राहिली ते गेटवरच्या पडद्यावर दिसायचं. शून्य झालं की पडदा हिरवा. हे सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या मालकांनी दिलेल्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं की बाहेर पडल्याचं पंच केलेला कामगार आत असू शकत नाही. मी त्या जोडीवर 'अशक्य' अशी खूण केली. टूलने अगदी शहाण्या मुलासारखं ऐकलं. यादी निम्म्यावर आली, काम वेळेआधी संपलं, साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

आता माझ्या बाबांविषयी सांगते. बाबा खालापूरच्या अलीकडे कुंभिवलीला एका शीतगृहात कॉम्प्रेसर सांभाळायचे. थंड खोल्या अमोनिया वायूवर चालतात, त्यामुळे मशीन एकटं सोडायचं नाही, दुसऱ्या पाळीचा माणूस येईपर्यंत थांबायचं असा तिथला शिरस्ता. आणि पाचनंतर पंच केलं तर जादा वेळ दिसतो, वरून विचारणा होते. यावर तिथल्या माणसांनी आपला तोडगा काढला होता. पाचच्या ठोक्याला पंच करायचं आणि परत आत जाऊन मशीनपाशी बसायचं. कंपनीची बसही त्यांच्यासाठी थांबायची. बाबांनी हे मला जेवताना सांगितलं होतं. "कागदावर आमी घरी, आन् अंगानं मशीनपाशी!" मी घास तोंडात असताना हसले होते, ठसका लागला होता.

हे मला ठाऊक होतं. हजेरीचं काम आलं त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. ती ओळ राखाडी होऊन माझ्यासमोर आली असती तर बोट थांबलं असतं, याची मला खात्री आहे. ती आलीच नाही. ती येऊ नये म्हणूनच तर मी चार वर्षं भांडले होते.

पुढे तेच सॉफ्टवेअर बाबांच्या गेटवर बसलं. घरी येऊन बाबा म्हणाले, "तू तपासलेलं मशीन आलं गं आमच्याकडं. सगळ्यांना सांगितलं मी." मला केवढा अभिमान वाटला होता!

वायू गळला त्या दिवशी पाच वाजून गेले होते. भोंगा झाला, माणसं गेटबाहेर आली, पडदा हिरवा झाला. आत शून्य. गेटवरच्या रखवालदाराने कुलूप लावलं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. अडून बसले ते बसवाले चाचा. चाचा मूळचे किनाऱ्याकडले, आता खालापुरात घर आहे, बाबांशी त्यांची जुनी दोस्ती. बाबा निघाले की आधी डब्याची पिशवी चाचांच्या मागच्या सीटवर येते, मग बाबा.

"पिशवी नाय आली. मानूस आत हाय," चाचा म्हणाले.

"चाचा, पडद्यावर शून्य हाय," रखवालदार म्हणाला.

"पडद्याला काय ठावं? पिशवी कुठं हाय, ते सांग."

या वादात जी मिनिटं गेली तीच महागात पडली. शेवटी चाचांनी तोंडाला ओला टॉवेल बांधला, एकाला बरोबर घेतलं आणि कुलूप उघडायला लावलं. बाबा मशीनघराच्या दाराशी पडलेले होते. त्या दाराला त्यांनी पाच वाजून चार मिनिटांनी कार्ड लावलं होतं आणि सॉफ्टवेअरने ते नोंदवलंही होतं. पण माणूस बाहेर गेलेला, मग मोजायचा कशाला? असं कार्ड लागलं तर काय व्हावं, हे कोणी तपासलंच नव्हतं.

बाबा वाचले. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत, त्यातल्या दुसरीवर ते आता थांबतात. आवाज घोगरा झाला आहे.

मी माझ्या साहेबांना सगळं लिहून कळवलं. माझ्या हातून ही जोडी गळली, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं की यादी मालकांच्या कागदाप्रमाणे होती, तुझी चूक नाही. टूलवाल्यांना लिहिलं, राखाडी ओळी परत द्या. त्यांनी नम्रपणे कळवलं की जुनी चूक ग्राहकांच्या आग्रहावरूनच दुरुस्त केली आहे. कोणीतरी मला दोष द्यावा म्हणून मी दारोदार फिरत होते, आणि सगळे मला चांगली म्हणत होते.

मग कंपनीच्या चौकशीचा कागद घरी आला, बाबांच्या नावाने जबाब आधीच लिहिलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. 'पंच आउट केल्यानंतर मी कोणालाही न सांगता, स्वतःच्या मर्जीने आत गेलो. हजेरी यंत्रणेत कोणताही दोष नव्हता.' सही झाली की पुढचे उपचार कंपनी बघणार होती. बाबांनी चष्मा लावला आणि पेन उघडलं.

"बाबा, सही नका करू."

"का गं? खोटं काय हाय त्यात? पंच तर मीच केलं व्हतं."

तेव्हा मी सांगितलं. टूल, खुणा, ओळी, काही त्यांना कळलं नसतं. एवढंच म्हटलं, "पंच केलेला माणूस आत असू शकतो का, हे मला ठरवायचं होतं. मी लिहिलं, अशक्य आहे."

बाबांनी चष्मा काढला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पन तुला तर ठावं व्हतं," ते म्हणाले.

"हो."

"मी सांगितलं व्हतं जेवताना. तू हसली व्हतीस."

"हो बाबा."

त्यांना खोकला आला. आईने पाणी दिलं, ते प्यायले. मग चष्मा परत लावून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. घरात वाचणारी, लिहिणारी, तपासणारी मीच.

"बरं, कुठं करू सही? दाव."

मी रेघेखाली बोट ठेवलं.