पालथे कागद

कागद टेबलावर ठेवायचा तर पालथा. लग्नपत्रिका असो, हजेरीपट असो की नुसता कोरा ताव, मॅडम तो उलटा करूनच ठेवायच्या आणि वर हात ठेवून बोलायच्या. पीएच.डी.च्या कोर्सवर्कला आम्ही त्यांचं नावच 'पालथ्या मॅडम' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "सुलटं असलं का कोनीबी वाचते," एवढंच म्हणायच्या.

गोंदियातल्या एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात आम्ही दोघंही शिक्षणशास्त्रात संशोधन करत होतो. मी गावातच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचो. चाळिशी आली होती, आणि नावाआधी डॉक्टर लागावं यापलीकडे फारसा हेतू नव्हता. मॅडम सौंदडच्या पलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर होत्या. शनिवारची सकाळची शाळा आटोपून यायच्या, पिशवीत मुलांनी काढलेली चित्रं. विषय होता वर्गात न बोलणारी मुलं. आम्ही बाकीचे प्रश्नावल्या वाटत होतो, तक्ते भरत होतो. त्यांची पद्धत कला-आधारित. मुलांनी चित्र काढायचं, संशोधकानंही काढायचं, आणि त्या काढण्यातूनच शोधायचं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, की बाई ड्रॉइंगच्या परीक्षेला बसल्यात का. सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो, कारण ते सर माझे गाईड होते.

मॅडमनी आवाज न चढवता उत्तर दिलं. "लेकरू तोंडानं बोलत नाही, सर. पन हात बोलून राहिला, तं आपन कान कायले झाकाचे?"

पुढे माझंच पद्धतीचं प्रकरण गाईडनी परत पाठवलं. समासात लिहिलं होतं, जीव नाही. तेव्हा मी निमूट मॅडमकडे गेलो. त्यांनी पेन्सिल हातात दिली आणि नोकरीचा पहिला दिवस काढायला सांगितला. मला चित्र कुठलं येतंय? तरी फाटक काढलं, इमारत काढली, झेंड्याचा खांब काढला. त्यांचा नियम असा, की पाच मिनिटं नुसतं पाहायचं, मग दिसतं तेवढंच लिहायचं. वाटतं काय, ते दुसऱ्या दिवशी. त्या पाच मिनिटं पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरं कुठं हायत, सर?"

एकही नव्हतं. पंधरा वर्षं मास्तरकी करून मी शाळा काढली होती आणि तीत मूल नव्हतं. संशोधन म्हणून मी जे काही शिकलो ते त्या एका प्रश्नात शिकलो, हे मी आजवर कुठं कबूल केलेलं नाही.

दुसरा नियम मला कधीच पटला नाही. चित्र कुणालाही दाखवायचं तर ज्यानं काढलं त्याला विचारायचं, आणि दर वेळी नव्यानं विचारायचं. पालकांची सही घेतली की झालं, असं माझं म्हणणं. त्यावर त्या म्हणायच्या, "काल हो म्हनला म्हनून आज बी हो?" शनिवारी निघण्याआधी त्या एकेका मुलाला विचारत. जो नको म्हणे त्याचं चित्र शाळेच्या कपाटात राही. एका सादरीकरणाला त्या जवळजवळ रिकामी फाईल घेऊन उभ्या राहिल्या. बाकीची मुलं आज नको म्हणाली, असं त्यांनी समितीला सांगितलं. समितीनं कामात प्रगती नाही असा शेरा मारला.

इतकं लिहिलं ते मुख्य गोष्ट टाळत. आता लिहितो.

सातवीतल्या एका मुलीनं एक चित्र काढलं होतं. त्यात गावातल्या एका वजनदार माणसाबद्दल काही होतं. काय होतं ते मी लिहिणार नाही. का, ते शेवटी येईल. चित्र कसं वाचायचं हे मला शिकवायला मॅडमना तेच हवं होतं. त्यांनी मुलीला विचारलं, शिकणाऱ्या एका सरांना दाखवू का? ती हो म्हणाली. एका सरांना, म्हणजे मला.

आम्ही पाहत असताना मॅडमच्या शाळेच्या केंद्रप्रमुखांचा फोन आला. मॅडमनी चित्र पालथं केलं आणि त्या व्हरांड्यात गेल्या. मी ते सुलटं केलं, मोबाईलवर फोटो काढला आणि पुन्हा पालथं ठेवलं.

चार दिवसांनी माझं प्रगती सादरीकरण होतं. मॅडम निवडणुकीच्या प्रशिक्षणात अडकल्या होत्या. मी मुलीचं नाव पुसलं होतं आणि तेवढ्याला नीतिमत्ता समजत होतो. पण चित्रात शाळेच्या भिंतीवरची एक खूण होती. ती दुसऱ्या कुठल्या शाळेत नाही, हे त्या भागातला कुठलाही शिक्षक सांगेल. स्लाईड आली तसे सगळे पुढे सरकून पाहू लागले. गाईड म्हणाले, "बहुत बढ़िया. ये हुआ रिसर्च." चित्र कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. कुणीतरी पडद्याचा फोटो घेतला. संध्याकाळी तो शिक्षकांच्या ग्रुपवर होता, तिसऱ्या दिवशी गावात.

मुलीचा बाप त्याच माणसाचं धानाचं वावर बटईनं, निम्म्या वाट्यानं, करायचा. वावर गेलं. आठवड्याच्या आत कुटुंब नागपूरकडे बांधकामावर निघालं, मुलगी शाळेतून काढली. जाताना बाप शाळेत येऊन मॅडमना म्हणाला, "पोरीनं तुमच्यावर इश्वास ठेवला होता, बाई." हे मला त्यांच्या शाळेतल्या शिक्षकानं सांगितलं. त्यावर मॅडम काय म्हणाल्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांनी मला फोन केला. "सर, तुमी दाखवलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं."

पुढच्या महिन्यात त्यांनी सगळी चित्रं ज्याची त्याला परत केली आणि नोंदणी रद्द करून घेतली. केंद्रात बोलणं झालं, की बाईंना झेपलं नाही. ते बोलणाऱ्यांत मी होतो.

दोन वर्षांनी माझी खुली मौखिक परीक्षा झाली. शेवटच्या रांगेत मॅडम बसल्या होत्या. श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय का, असं अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणि त्या उभ्या राहिल्या. प्रश्न त्यांनी पुस्तकी मराठीत विचारला. मला ते जास्त लागलं. "मुलांना विचारलं होतं का?"

"हो. लेखी संमती आहे, परिशिष्टात," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. पाच मिनिटं नसतील, पण मला तेवढी वाटली. मग खाली बसल्या. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मी त्यांच्या खुर्चीपाशी गेलो तोवर त्या निघून गेल्या होत्या. कार्यक्रमपत्रिका खुर्चीवर पालथी पडली होती.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. पोटाचा आजार होता, बरेच दिवस अंगावर काढलेला. पुण्यानुमोदनाच्या सभेला त्यांच्या गावी गेलो. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत मी मागे उभा राहिलो. बोलायला उठलेल्यांत एक तरुण बाई होती. शाळा सुटली तरी मॅडम नागपूरला येऊन आपल्याला दहावीचं शिकवत होत्या, असं तिनं सांगितलं. आता कोहमाऱ्याला ती शिलाईचं दुकान चालवते. ती कोण, हे मी तेव्हाच ओळखलं.

तरी दुकानापर्यंत जायला मला सात महिने लागले. मी तिला सगळं सांगितलं. ती मशीन थांबवून ऐकत होती. माफ केलं म्हणाली नाही, मी मागितलीही नाही. मॅडमवर लिहायचं आहे, त्यात हे सगळं येईल, चालेल का, एवढं विचारलं.

"मॅडमवर लिवा," ती म्हणाली. "चित्रात काय होतं ते नका लिवू. आन छापाच्या आधी अखीन एकदा इचारजा."

काल फोन केला. तिकडे मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला. छापायला देतोय, चालेल का, असं पुन्हा विचारलं.

"आज हो म्हनतो," ती म्हणाली. "उद्या इचारान, तं उद्याचं सांगीन."