थिसलगार्थची पाहुणी

बेरिल थॅक्रे इंग्लंडमधल्या कीथली गावच्या शाळेत पोरांना जेवण वाढायची. आईची शेवटची वर्षं वृद्धाश्रमात गेली, त्यामुळे तिथलं जगणं तिनं जवळून पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर वृद्धाश्रमांना दर्जा देणाऱ्या स्वतंत्र संस्थेनं तिला तपासणीला सोबत नेलं. तपासनीस औषधं नि नोंदी बघत. बेरिलनं म्हाताऱ्यांशी बोलायचं.

थिसलगार्थ नावाच्या वृद्धाश्रमात विल्फ नावाच्या आजोबांनी तिला शेजारी बसवलं. चहाचा पेला भरलेलाच होता.

"गार झाला की हो!"

"कमीच पितो," ते हळूच म्हणाले. "नाहीतर सारखं लघवीला उठवायला पोरींना बोलवावं लागतं. गुणाच्या आहेत, पण दोघीच. किती पळतील बिचाऱ्या?"

बेरिलनं त्यांचं नाव न घेता ते तपासनिसांना सांगितलं. आश्रमाला 'सुधारणा हवी' असा दर्जा मिळाला आणि नियमाप्रमाणे तो दारावर लागला.

व्यवस्थापिका रुटेंडो झिंबाब्वेहून आलेली. ती फोनवर तपासनिसांवर कडाडली, "आमच्या पोरी जीव टाकतात म्हाताऱ्यांवर!"

अहवालात तेही होतं. मायेच्या बाबतीत आश्रम 'चांगला' ठरला होता. राग ओसरल्यावर रुटेंडोनं तोच अहवाल मालकापुढे ठेवला आणि हटून बसून आणखी माणसं मिळवली. पुढच्या तपासणीत दुसरेच लोक आले. त्यांनी थिसलगार्थला सगळ्याच बाबतीत 'चांगला' म्हटलं.

बेरिलनं तोवर ते काम सोडलं होतं. तिच्या नवऱ्याला, क्लिफला, विसर पडू लागला होता. एकदा तो चप्पल न घालता बसथांब्यावर सापडला, तेव्हा तिचा धीर सुटला. चार आश्रम पाहून ती थिसलगार्थच्या दाराशी उभी राहिली.

रुटेंडोनं तिला ओळखलं. "आता कुणाची तक्रार, बाई?"

"तक्रार नाही गं. माझा नवरा आणलाय."

रुटेंडोनं क्लिफकडे पाहिलं. "इतके आश्रम असताना इथंच?"

"तुम्ही ऐकून घेतलंत. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

बोलता बोलता बेरिलला रडू फुटलं. रुटेंडोनं तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि क्लिफचा हात हातात घेतला.

क्लिफनं बायकोकडे बोट दाखवलं. "ही कोण?"

"तुमची बायको. फार कडक आहे हो."

"असेल," क्लिफ म्हणाला. "पण दिसायला छान आहे."